नाकेदाराची नागगुटी

१५ नोव्हेंबर १९५५, पाडवा. निंबर्गा

नाका उठला, पण रोज चार ओळी लिहायची खोड उठली नाही. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, चौकीवर रोजनामचा लिहावा लागे, तोही उर्दूत. आता कोणी मागत नाही म्हणून मराठीत लिहितो. घरात आम्ही मराठी बोलतो, मठात कन्नड, दफ्तरात उर्दू बोलायचो. नव्या साहेबांना यातलं एकही नको, इंग्रजी पाहिजे. गुलबर्ग्याला नोकरीचा अर्ज घेऊन कितीदा गेलो, दरवेळी 'पुढं बघू' एवढंच ऐकून आलो. पुढच्या वर्षी हे हैदराबाद राज्यच मोडून वाटून टाकणार म्हणतात. मग कोण कशाला बघतंय!

माझं काम काय होतं? निजामाच्या हद्दीत येणारं-जाणारं प्रत्येक गाठोडं सोडायचं, आतला माल बघायचा, जकात घ्यायची, पुन्हा बांधून सुतळीच्या गाठीवर चिमट्यानं शिशाची मोहर दाबायची. सोलापूरकडचे व्यापारी मला लांबूनच बघून पटका सरळ करायचे. 'चन्नबसप्पा नाकेदार' म्हटलं की गाडी आपोआप थांबायची. आज त्या चौकीत शेळ्या बसतात.

चौकी मोडली तेव्हा कोऱ्या मोहरांची पोती तशीच पडून होती. जमा करून घ्यायला कोणी येईना, म्हणून मी ती घरी आणली. त्या शिशातूनच आज मुहूर्तावर नवा धंदा सुरू केला आहे. गावचे वैद्य गुरुलिंगप्पा मागच्या साली गेले. नाक्यावर गाड्या नसल्या की मी त्यांच्याकडे जाऊन बसायचो. शिशाला वैद्य लोक नाग म्हणतात. कढईत वितळवून चिंचेच्या सालीच्या भुकटीत घोटून घोटून त्याला मारायचं, मग गवऱ्यांच्या आगीत घालून त्याची राख करायची. पोटदुखी, अशक्तपणा, मूल न राहणं, सगळ्यावर ती राख चालते असं ते सांगायचे. ते पुन्हा पुन्हा आग द्यायचे, मी जरा कमी देणार आहे. गवऱ्या काय फुकट येतात? शेवटी शेवटी त्यांचे हात लुळे पडले होते, तरी खल सोडत नव्हते बिचारे. वयच झालं होतं.

बायकोनं, महानंदानं, कढईला विभूती लावली. मग म्हणाली, "ह्याच कढईत उद्या फोडणी घालू का नगं?"

"घास की राखेनं. लोखंडाला काय होतंय?"

मुहूर्तालाच बायकांच्या शंका!

२१ नोव्हेंबर

शिसं मेलं. दिवसभर घोटून हात भरून आले, धुरानं डोकं जड झालं, पण कढईत आधी पिवळी आणि मग लालसर भुकटी दिसली तेव्हा जीव हरखला. वैद्य म्हणायचे, बोटावर घेऊन चोळली आणि रेषांत जाऊन बसली तर समजायचं, धातू मेला. महानंदाच्या बोटांवर चोळून पाहिली. सगळ्या रेषा केशरी झाल्या. धुऊनही पुरत्या निघाल्या नाहीत.

वस्त्रगाळ करायचं काम तिच्याकडे दिलं आहे. तिचं जुनं लुगडं फाडून गाळणं केलं. अंगणात बसली होती, वाऱ्यानं भुकटी उडायला लागली, तेव्हा मी ओरडलो. आत जाऊन दार लावून गाळ म्हटलं. एवढी मेहनत काय वाऱ्यावर सोडायला केली?

३ डिसेंबर

गुळात कालवून गोळ्या वळल्या. 'नागगुटी' नाव ठेवलं. चव पाहिली. गुळाआधीही भुकटीला स्वतःची एक गोडसर चव आहे. हे चांगलंच झालं, लेकरंही खुशाल खातील.

आणि आज मला एक कल्पना सुचली, स्वतःचीच पाठ थोपटावी अशी. प्रत्येक पुडीची सुतळी बांधून तिच्यावर नाक्याच्या चिमट्यानं मोहर दाबायची! शिसं आहेच, चिमटा आहेच. एक पुडी करून कट्ट्यावर बसणाऱ्या हावगेप्पाला दाखवली. त्यानं उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "सरकारी हाय व्हय? मग खरंच आसंल." या गावात नाकेदारानं दाबलेली मोहर तोडून बघायची कोणाची टाप नव्हती. ती इज्जत अजून शिल्लक आहे.

११ डिसेंबर

शेजारची राजूबाई सकाळीच दारात येऊन उभी. तिच्या तीन कोंबड्या मान टाकून मेल्या. आमच्या परसातल्या राखेच्या खड्ड्यात त्या उकरत असतात.

"नाकेदार, तुमच्या राखंत काय हाय ते सांगा. कोंबडी उगं मरत न्हाई."

"राखेत राख आहे. कोंबड्या आपल्या परसात ठेवाव्यात."

"मी ठिवते. पर तुमची बायकू कुठं ठिवताव? ती बी त्याच धुरात बसायलीय."

बघा, जीभ आहे की विळा! आम्ही कोंबडी खात नाही, पाळत नाही, आणि मारल्याचा आळ आमच्यावर. महानंदाला सांगितलं, तिच्याशी बोलायचं नाही. महानंदा गाळणं झटकून आत गेली. अलीकडे ती फार कमी बोलते.

२९ डिसेंबर. गाणगापूर

काल दत्तजयंती. राघोबाच्या दुकानी मुक्काम आहे. हा राघोबा देवळाच्या वाटेवर बुक्का, खडावा, दत्ताच्या तसबिरी विकतो. त्याच्या फळीवर माझ्या पुड्या मांडल्या. सकाळी कोणी ढुंकून पाहीना. राघोबा मिशीत हसत होता. मग मी स्वतः पुढे झालो आणि मोहर दाखवायला लागलो. त्यानंतर पुड्या कशा गेल्या कळलंच नाही. पुण्याचे, साताऱ्याचे, नगरचे लोक. "सरकारी औषध आहे", "सरकारी औषध आहे" असं आपसातच सांगायला लागले. मी कुठे तसं म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही.

बार्शीकडची एक म्हातारी होती, कपाळावर गोंदण. सुनेला मूल राहत नाही म्हणाली. तिनं पुडी घेतली, मोहर कपाळाला लावली आणि माझ्या पायाला हात लावायला वाकली. मी मागे सरकलो, पण खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. रोज सकाळी एक, असं तिला बजावलं. दर पुनवेला गाणगापूर करते म्हणाली, सून पोटुशी राहिली की पेढे आणते म्हणाली.

नाका उठल्यापासून आज पहिल्यांदा कोणी मला विचारून काही केलं.

१२ जानेवारी १९५६, येळवस

आजच्या सणाचं वाटोळं झालं. येळवसेला, मार्गशीर्षाच्या अमावास्येला, सगळं गाव शेतात असतं, आम्हीही आमच्या तुकड्यावर पाहुणे बोलावले होते. कडब्याची खोप, पांडवांची पूजा, भज्जी, उंडे, आंबील. महानंदाच्या ज्वारीच्या भाकरीचं सगळ्या गल्लीत कौतुक, परातीएवढी आणि पानासारखी पातळ. आज तिनं केलेल्या भाकऱ्या जाड, कडेला फाटलेल्या. उंडे वळले ते सुटून गेले. आणि पूजेआधी आंबलीचं मडकं तिच्या हातून निसटलं. सगळी आंबील मातीत.

मी चार पाहुण्यांसमोर तिला वाटेल ते बोललो. ती खाली बसून खापऱ्या गोळा करत होती, त्याही तिला धड उचलता येईनात.

"बोटं ऐकनात, आवो," एवढंच म्हणाली. "हात जड पडायलेत."

"काम नको झालंय, म्हणून हात जड पडतात."

घरी आल्यावर म्हणाली, पोटातही कळा येतात, शौचाला होत नाही. मग आधी सांगायचं की! औषधवाल्याच्याच घरात पोटदुखी. नागगुटी सुरू केली.

३० जानेवारी

गुण नाही. उलट कळा वाढल्या आहेत. काल पोटाशी पाय घेऊन दिवसभर पडून होती. गुरुलिंगप्पा म्हणायचे, रोग बाहेर पडताना आधी उसळतो. म्हणून आजपासून दोन गोळ्या, सकाळ-संध्याकाळ.

माझंही पोट बिघडलं आहे. जेवणात चव लागत नाही, तोंडात सारखं काहीतरी गोड आल्यासारखं वाटतं. डोकं इतकं तापतं की सकाळी खलबत्ता भिंतीवर फेकला. कशावरून फेकला ते आता आठवत नाही.

१५ फेब्रुवारी

महानंदाचा भाऊ वीरण्णा मंठाळहून आला. तिला बघून दारातच उभा राहिला.

"दाजी, अक्काचे हात बगितलाव का?"

"बघतोच आहे. औषध चालू आहे."

"आन् ह्या हिरड्या? दाताच्या मुळाशी ही निळीकाळी रेघ कशाची?"

"मशेरी लावत असेल."

"मी कदी लावली मशेरी?" महानंदा म्हणाली. सगळ्यांसमोर मला खोटं पाडायची काय गरज होती?

वीरण्णा तिला माहेरी घेऊन जातो म्हणाला. हवापालट होईल म्हणून मी हो म्हटलं. बरोबर दोन पुड्या दिल्या. गाडीत बसताना तिला गाडीची कड धरता आली नाही, भावानं काखेत हात घालून चढवलं. मला उगाच रडू आलं. मग राग आला. गुरुप्रतिपदेची जत्रा तोंडावर आणि गाळायला कोणी नाही.

२७ फेब्रुवारी. गाणगापूर

गर्दी चांगली. माल सगळा संपला, राघोबा आणखी मागतो आहे. आता तो मिशीत हसत नाही. घरी मात्र स्वतःच्या हातची करपलेली भाकरी. भाकरी थापायला मनगटात केवढा जोर आणि केवढी लय लागते ते आत्ता कळतंय.

२२ मार्च. मंठाळ

अहाहा! हात सुधारले! मी दारात पोचलो तेव्हा महानंदा चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. पूर्वीसारखी मोठी नाही, पण गोल. तोंडावर रंग आला आहे. कळा थांबल्या. भावजयीशी हसत होती. तिचं हसणं मी विसरूनच गेलो होतो.

मी वीरण्णाला म्हटलं, "बघितलंस? नागगुटीचा गुण."

तो म्हणाला, "दाजी, तुमच्या दोन्ही पुड्या मी उकिरड्यावर टाकल्या. आल्यापासून एक गोळी घेतली न्हाई तिनं."

अडाणी माणूस. आधीचं औषध अंगात मुरलेलं असतं, तेच सावकाश काम करतं, हे याला कोण सांगणार? गुण आला माझ्या औषधानं आणि श्रेय मंठाळच्या पाण्याला! वाद घालत बसलो नाही. उद्या तिला घेऊन निघतो. जाऊ नको असं वीरण्णा तिला सांगत होता. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि लुगड्याच्या घड्या करायला लागली.

१६ एप्रिल. निंबर्गा

पुन्हा तेच. आल्यावर तिनं आपणहून गाळणं हातात घेतलं, मी सांगितलं नव्हतं. म्हणजे पहिल्या दिवशी सांगितलं होतं. आज भाकरी थापायला बसली आणि दोन्ही मनगटं खाली लोंबली. पीठ हातांखाली तसंच. उचलू पाहते तर हात कोपरातून वर येतो, पंजा मात्र खालीच. ती पंजाकडे बघत राहिली. गुरुलिंगप्पांचा हात असाच लोंबायचा. पण ते म्हातारे होते. ही तर चाळिशीचीही नाही.

गोळ्या पुन्हा दोन चालू आहेतच, तीन कराव्यात का? गुरुलिंगप्पा असते तर विचारलं असतं.

२१ एप्रिल

तीन केल्या. काल सकाळी महानंदाला फिट आली. डोळे पांढरे, दातखीळ. मी नुसता हाका मारत होतो. भिंतीवरून राजूबाई उडी टाकून आली. तिनं दातांत चमचा घातला, स्वतःच्या मुलाला गाडी जुंपायला लावली आणि मला म्हणाली, "चला आता. उगं बगत काय उभारलाव?" महिनोन्महिने आमचं बोलणं बंद होतं. ती आळंदपर्यंत महानंदाचं डोकं मांडीवर घेऊन बसली. तिथून मोटार.

गुलबर्ग्याच्या दवाखान्याच्या ओसरीवर बसून लिहितो आहे. वीरण्णाला निरोप धाडला आहे. आत जाऊ देत नाहीत.

२३ एप्रिल. गुलबर्गा

डॉक्टर हैदराबादचा, तरणा, दखनीत बोलतो. त्यानं महानंदाचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या आणि माझ्याकडे वळून पहिलाच प्रश्न केला, "घर में सीसा किदर है?"

मला आनंदच झाला, लिहायला लाज वाटते. वाटलं, हा जाणकार दिसतो. पिशवीतून पुडी काढून त्याच्या टेबलावर ठेवली. नागगुटी, म्हटलं. कशी करतो ते सगळं सांगितलं. कढई, साल, आग, रेषांची परीक्षा. मग त्यानं पुडीवरची मोहर बोटानं फिरवली.

"अम्मा कू ये खिलाए तुम? पेट दुखा तो और खिलाए?"

"साहेब, हे कच्चं शिसं नाही. मारलेलं आहे."

"सीसा मरता नै, मियां. तुमारे वैदजी सौ बार जलाए तो भी सीसाच रहता. पेट में इसीसे दरद, हाथ इसीसे गिरे, फिट इसीसे. तुम जो दरद की दवा दिये, वोइच दरद है."

मी त्याच्याशी भांडलो. मोठ्यानं. पूर्वापार चालत आलेलं आहे म्हटलं, शास्त्रात आहे म्हटलं, तुझी इंग्रजी शाळा काल उघडली म्हटलं. त्यानं शांतपणे माझाच ओठ वर केला आणि भिंतीवरच्या आरशापुढे मला उभं केलं. माझ्याही हिरड्यांवर ती रेघ. मग म्हणाला, "गुस्सा भी इसीका है थोड़ा." सगळा नाही, थोडा. हे तो का म्हणाला कुणास ठाऊक, पण उरलेला माझा स्वतःचा आहे हे मला तिथंच कळलं.

महानंदा वाचेल म्हणतो. हात पुरते परत येतील का ते सांगत नाही.

१ मे. निंबर्गा

वीरण्णा तिला दवाखान्यातून परस्पर मंठाळला घेऊन गेला. मला चल म्हणाला नाही.

घरी आलो तर कढई चुलीजवळ पालथी. घासून ठेवलेली. हिच्यातच फोडणी, हिच्यातच शिसं. पाडव्याला तिनं विचारलं होतं, आणि मी काय उत्तर दिलं ते आज कानात वाजतंय. गाळणं खुंटीवर, केशरी. तिची बसायची जागा, दाराजवळची, तिथली जमीनही केशरी. ती दार लावून बसायची. मी लावायला लावलं होतं. मी बाहेर अंगणात, मोकळ्या हवेत, गोळ्या वळत होतो!

कढई, खल, गाळणं, उरलेली भुकटी असं सगळं पोत्यात भरून माळावर खोल खड्डा करून पुरलं. राजूबाईला जाऊन सांगितलं, कोंबड्या माझ्यामुळे मेल्या. ती म्हणाली, "मला ठावं होतं. तुमाला कामून कळायला एवढं लागलं?"

१० मे. मंठाळ

महानंदाचे हात फळ्यांना बांधले आहेत, पंजे वर राहावेत म्हणून. भावजय तिला घास भरवते. मी भरवू का विचारलं. नको म्हणाली नाही, तोंडही उघडलं नाही.

मग मी म्हटलं, "गुण येत नव्हता तर गोळ्या का घेत राहिलीस?"

"तुमी दिलाव म्हनून. नाका गेल्यापासून तुमी कसे बसायचाव वसरीवर, बगवत न्हवतं. ह्या गोळ्या आल्या आन् तुमी शिट्टी वाजवायला लागलाव." मग ती भिंतीकडे वळली. "आता त्या बार्शीवालीच्या सुनंला कोन सांगनार? ती बी घेतच आसंल, सासूनं दिली म्हनून."

गाणगापूरहून आल्यावर त्या म्हातारीची गोष्ट मी तिला फुशारकीनं सांगितली होती. मी विसरलो होतो, ती विसरली नाही. तिच्या पायाला हात लावावा असं वाटलं, पण वीरण्णा दारात उभा होता. उठून बाहेर आलो.

२४ मे, वैशाखी पौर्णिमा

हे गाडीत लिहितो आहे, अक्षर हलतंय.

पहाटेच गाणगापुरात पोचलो. राघोबाला सांगितलं, उरलेल्या पुड्या परत दे. त्यानं फळीवरच्या दिल्या, पण तोंड वाकडं करून. "आत्ता कुठं खपायला लागलं होतं, नाकेदार. कुण्या डॉक्टरानं काय सांगितलं आन् तुमी घाबरलाव." दुसरीकडे कुठे ठेवल्या आहेत का विचारलं, तर न्हाई म्हणाला. त्याचा हात गल्ल्याखालच्या पेटीकडे गेला होता. नाक्यावर असतो तर पेटी उघडायला लावली असती.

मग मी संगमाच्या वाटेवर उभा राहिलो. दत्तजयंतीला, गुरुप्रतिपदेला आलेले लोक पुनवेला परत येतात. दिसेल त्याला अडवत होतो. "मोहर लावलेली पुडी आहे का? गाठोडं सोडा. ते औषध नाही, विष आहे." उमेदीची सगळी वर्षं मी हेच वाक्य म्हणत आलो, गाठोडं सोडा, आणि सगळी दुनिया सोडत आली. आज एकानंही सोडलं नाही. एकजण म्हणाला, कोणाच्या हुकमानं? दुसरा म्हणाला, चोर दिसतोय, सामान सांभाळा. एका पुजाऱ्यानं मला बाजूला ढकललं. मी ओरडलो, शिव्या दिल्या, शेवटी हात जोडले. हात जोडल्यावर तर लोक जास्तच भ्यायले. दोन पुड्या तेवढ्या परत मिळाल्या, त्याही रिकाम्या.

उन्हं चढल्यावर ती आली. कपाळावर गोंदण. मला ओळखून लांबूनच हसली, आणि मी न सांगता तिनं स्वतःच गाठोडं सोडलं.

"बरं झालं भेटलाव. मागल्या पुनवंला नेलेली पुडी बी संपली बगा. मोहर टाकली न्हाई, सुनंच्या गळ्यात बांधलीया."

"सून कशी आहे?"

"पोट दुकतंय म्हनती सारकं. हातातनं भांडी पाडती, मुद्दाम पाडती मेली. म्हनून मी दोन-दोन देत होते. आता तीन द्यावं म्हनते."

मी तिला सगळं सांगितलं. महानंदाचे हात, फिट, डॉक्टर, सगळं. रस्त्यात बसून सांगितलं. ती ऐकत होती, पण तिचा चेहरा हळूहळू बंद होत गेला.

"सरकारी मोहर हाय की वो त्येच्यावर."

"ती मोहर मी दाबली. घरी बसून. सरकारनं नाही."

"मग तवा तुमी खोटं बोललाव का आत्ता बोलायलाव?"

तिनं गाठोडं बांधलं, पूर्वीपेक्षा घट्ट, आणि तडक राघोबाच्या दुकानात शिरली. मी मागोमाग धावलो. ती बाहेर आली तेव्हा पदराखाली काहीतरी धरलं होतं. कोण माल लपवून नेतंय ते मला बघताक्षणी कळतं, तेवढं एक मी शिकलो आहे. राघोबाला विचारलं, तो तसबिरी पुसत राहिला.

गाव विचारलं तर सांगेना. सुनेचं नाव विचारलं, सांगेना. म्हणून स्टेशनपर्यंत तिच्या मागे आलो, ती ज्या डब्यात चढली त्यात चढलो. वीरण्णाला कळवायलाही सवड झाली नाही. ती दोन बाकं पुढे बसली आहे. मधूनमधून वळून बघते आणि गाठोडं मांडीवर आणखी जवळ ओढते. तिच्या घरापर्यंत जायचं, अंगणातूनच सुनेला हाक मारायची, सासू बोलू देणार नाही तरी ओरडून सांगायचं, एवढंच ठरवलं आहे. गळ्यातली ती मोहर मात्र माझ्या हातानं तोडायची आहे. चिमटा बरोबर आणला आहे.

दुधनी आलं. पूर्वी आमची हद्द इथं संपायची आणि प्रत्येक गाठोडं खाली उतरायचं. आज गाडी पाणी घ्यायला थांबली तेवढीच, आणि पुन्हा निघाली.